डाव्या हातानं रंगवलेला तोपची

आमच्या गल्लीत मला अजूनही बाहुल्या रंगवणारा म्हणतात. पूर्वी मी यावरून भांडायचो. बाहुल्या नाहीत, शिपाई. अंगठ्याएवढे, करड्या प्लास्टिकचे. त्यांना रंगवायचं, फौजा उभ्या करायच्या आणि फासे टाकत टेबलावर लढाई खेळायची. हा मोठ्या माणसांचा खेळ आहे, देशोदेशी खेळतात. एवढं सगळं ऐकून घेऊन समोरचा मान हलवायचा आणि म्हणायचा, "म्हंजी बाहुल्याच की." शेवटी मी सांगणंच सोडलं.

वडील तर माझ्यासमोरच बोलायचे. ते शेंद्र्याला राहायचे. वावराचा मोठा भाग कारखान्यांसाठी गेला होता, उरलेल्या तुकड्यात भाजी लावायचे आणि ती घेऊन शहरात आमच्याकडे यायचे. मी खिडकीशी पातं घेऊन एखाद्या रोमन शिपायाच्या खांद्यावरची साच्याची रेघ खरवडत बसलेला असायचो. ते पिशवी टेकवायचे, बघत राहायचे आणि म्हणायचे, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." मी रिकामा नव्हतो. त्यांच्याच गावाशेजारच्या कारखान्यात मी प्रेसवर होतो, पत्रा दाबून गाड्यांचे कोनाकृती सुटे भाग काढायचो. पण वडिलांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

आम्ही चौघं होतो. सिडकोत एक नकाशे काढणारा होता, त्याच्याकडे प्लास्टिकचे शिपाई छापायचं थ्री-डी यंत्र होतं आणि वर गच्चीवर पत्र्याची खोली होती. दुसरा शहागंजातला चष्मेवाला. तिसरे इतिहासाचे मास्तर, पगडीचा रंग चुकला तर जेवण न जाणारे. चौथा मी. रविवारी सकाळी त्या पत्र्याच्या खोलीत प्लायवूडचा पट मांडायचा आणि पत्रा तापून डोकं धरेपर्यंत खेळायचं. खर्ड्याची लढाई आम्ही कितीदा लढलो, आणि दोन-तीनदा निजामाला जिंकवूनही दिलं. मास्तर तेव्हा चहा घ्यायचे नाहीत.

माझ्याकडे सगळ्या प्रकारची फौज होती. मराठ्यांचे भालेकरी, लाल डगल्यांचे गोरे, रोमन, शिवाय हिरव्या कातडीचे राक्षस आणि हाडांचे सांगाडे. सांगाडे सगळ्यांत सोपे. पांढरा मारायचा, वरून पातळ तपकिरी सोडायचा, तो फटींत जाऊन बसतो आणि मेलेला माणूस जिवंत दिसायला लागतो. जिवंत माणूस जिवंत दिसायला मात्र जीव जातो. चेहऱ्यावर सावली, गालाच्या हाडावर उजेड, आणि शेवटी डोळे. डोळ्यांसाठी ब्रशचं टोक ओठात धरून निमुळतं करायचं, श्वास रोखायचा आणि टेकवायचं. टेकवलं की उचलायचं. दुसरी संधी नसते.

आमच्यात दोन रिवाज होते. एक म्हणजे बिनरंगाचा शिपाई पटावर येणार नाही. दुसरा जास्त कडक. नवीन रंगवलेला शिपाई आणला की तो हातोहात फिरायचा आणि प्रत्येकानं त्यात खोट काढायची. काढायचीच. "छान" हा शब्द त्या खोलीत कुणी कधी उच्चारला नाही. मास्तर म्हणायचे, "कमरबंद सोडून सगळं चुकलंय, कमरबंदाचं उद्या सांगतो." चष्मेवाला शिपायाचा पिवळट चेहरा डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचा, "इसकू पीलिया हुआ क्या मियाँ? और ये डोळा उधर कायकू बघरा? नंबर निकालना पडता इसका." नकाशेवाला फक्त शिपाई उलटा करायचा, तळ नीट रंगवलाय का ते बघायला. मी महिनाभर खपून आणलेल्या घोडेस्वाराची अशी चामडी सोलली जायची आणि मी घरी जाताना गुणगुणत जायचो. आपल्या कामाची कुणीतरी एवढी बारकाईनं चिरफाड करतंय याचं सुख मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. कारखान्यात माल पास व्हायचा, बस्स.

रंग ओला असताना खरा वैरी म्हणजे तूस. कपड्याचं, उशीचं, ब्रशचा गळालेला केस. शिपायाच्या ओल्या गालावर एक तंतू बसला की चेहरा गेला. तो नखाच्या टोकानं उचलायचा असतो, झटक्यात. विचार करत बसलं तर रंग सुकतो आणि तंतू कायमचा आत राहतो. त्यामुळे विचार करायचाच नाही अशी हाताला सवय लागते. डोळ्यानं तूस पाहिलं की बोट तिथे पोचलेलं असतं.

प्रेसवर दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत असूच शकत नाही. कामाचा वेग वाढावा म्हणून एका बटणात लाकडाची खुंटी ठोकलेली होती, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं आणि एका हातानं काम भागायचं. कुणी ठोकली हे कुणी विचारायचं नाही. सगळ्याच मशिनींना ती होती, आणि आम्हाला ती सोयीचीच वाटायची. कचरा काढायला चिमटा टांगलेला होता. मी बरीच वर्षं तो चिमटा न चुकता वापरला.

त्या दिवशी साच्यावर पत्र्याची एक बारीक कतरण बसली होती. केसासारखी. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती, दिसली असती तरी त्यानं माल तसाच काढला असता. मला दिसली. डावा हात बटणावर होता आणि उजवा हात नख पुढे करून निघाला. मी त्याला पाठवलं नव्हतं. तो तूस काढायला गेला होता.

अंगठा आणि पहिली दोन बोटं गेली. दुखणं नंतर आलं. आधी आला तो राग, आणि तोही कतरणीवर, की ती अजून तिथेच आहे.

चौकशीला आलेल्यांना मी खुंटीबद्दल सांगितलं आणि कतरणीबद्दलही. "चिमटा का नाही घेतला?" असं विचारलं तेव्हा काय सांगणार? की मी रविवारी निजामाची फौज रंगवतो म्हणून? "चुकलं," एवढंच बोललो. खुंट्या काढल्या गेल्या आणि मला स्टोअरमध्ये खुर्ची मिळाली. वडील दवाखान्यात आले तेव्हा मला वाटलं आता तुंबड्यांवर बोलणार. ते माझ्या पट्टीकडे बघत बसले आणि उठताना म्हणाले, "जेवायला डावा हाय ना?" मला ते त्यांच्या म्हणीपेक्षा जास्त लागलं.

बायकोला मात्र सगळं खरं ठाऊक होतं, हात आत कशाला गेला तेही. कन्नड तालुक्याकडची, सरळ बोलणारी. मला वाटलं ती रंगांचा डबा भंगारात टाकेल आणि मी तिला अडवणार नव्हतो. तिनं डबा पुसून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "हात गेला त्यो गेला. डोळं हायेत न्हवं? आन् डोसकं?" मी तिच्यावर खेकसलो. त्या महिन्यांत मी सगळ्यांवर खेकसायचो. दूधवाला तर पिशवी ठेवून पळायचा.

नकाशेवाल्याचा निरोप आला: तसाच ये, तुझ्यासाठी नियम नाही, बिनरंगाचे आणलेस तरी चालतील. वाचून माझं डोकं फिरलं. चालतील म्हणजे? लंगड्याला शर्यतीत सूट देतात तसं? मी जाणार होतो तर रंगवलेला शिपाई घेऊन, आणि तो हातोहात फिरणार होता. मला ती खोली परत हवी होती, पण त्यांनी कीव म्हणून उघडलेल्या दारातून नको होती. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग रंगव की."

अर्धवट राहिलेल्यांतला निजामाचा एक तोपची, तोफ डागणारा, निवडला. पूर्वी शिपाई बाटलीच्या झाकणावर चिकटवून डाव्या हातात धरायचो आणि उजव्यानं रंगवायचो. आता डाव्यानं रंगवायचं तर धरायचं कशात? बायकोनं परातीतला कणकेचा गोळा आणून टेबलावर थापला आणि झाकण त्यात रोवलं. तोपची कणकेत उभा राहिला. डावा हात म्हणजे आयुष्यभर नुसतं धरायचं काम केलेला मजूर. त्याला एकदम सोनाराच्या दुकानात बसवलं. ब्रश कसा धरायचा हेच त्याला ठाऊक नव्हतं. अंगरखा बरा जमला. पगडीची पट्टी कपाळावर ओघळली. पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा ओघळली. पातळ तपकिरी गालावर साचला. दर वेळी पुसून नव्यानं सुरू करायचो. कणीक वाळायची, बायको नवा गोळा आणायची, एकदाही कुरकुरली नाही. पावसाळा संपून उन्हं आली तोवर हेच चाललं. शेवटी डोळे. ओठात टोक धरलं, श्वास रोखला, टेकवलं. उजवा डोळा डोळ्यात पडला. डावा गालावर.

मी तो पुसला नाही. मला कळत होतं की हा शिपाई वाईट आहे. पण पूर्ण होता, आणि माझा होता. शिवाय मनात मी आधीच ऐकत होतो: चष्मेवाला त्या गालावरच्या डोळ्याला सोडणार नाही. काय म्हणेल? त्याचा शेरा ऐकायला मी आतुर झालो होतो. इतक्या महिन्यांनी मला रविवारची वाट बघावीशी वाटत होती.

पत्र्याच्या खोलीत सगळं होतं तसंच होतं. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी त्यांना मनात शंभर गुण दिले. मी डबी उघडली आणि तोपची टेबलावर ठेवला. "बघा," म्हटलं.

मास्तरांनी उचलला. पगडीची पट्टी कपाळावर ओघळलेली, ती पगडी निजामाच्या तोफखान्याची आहे की वऱ्हाडातल्या लग्नाची हेही कळत नव्हतं. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. "सुरेख," म्हणाले, आणि पुढे दिला.

नकाशेवाल्यानं तो उलटा केला नाही. "भारी जमलाय."

चष्मेवाल्यानं तो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. हा माणूस दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावतो. मी थांबलो होतो. म्हण ना बाबा. पीलिया म्हण. नंबर काढ म्हण. मला आई-बहिणीवरून बोल.

"बहुत अच्छा बना भाई," तो म्हणाला. आणि टेबलावर फार जपून ठेवला.

मी म्हणालो, "डावा डोळा गालावर आहे."

"नाही रे, तसं काही वाटत नाही," मास्तर म्हणाले. तिघंही पटाकडे बघत होते.

आम्ही खेळलो. माझ्या तोपचीच्या तोफेनं एका डावात भालेकऱ्यांची रांग उडवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पूर्वी असं झालं की फासे तपासले जायचे.

घरी पोचलो तेव्हा बायको भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच दारात आली.

"काय म्हनले?"

"छान म्हणाले."

"समदे?"

"सगळे."

तिचा चेहरा असा उजळला, जसा मी दवाखान्याच्या आधी कधीतरी पाहिला होता. मी खुर्चीत बसलो आणि रडायला लागलो. बोटं गेली तेव्हा रडलो नव्हतो, स्टोअरमध्ये बसवलं तेव्हाही नाही. आता थांबवता येईना. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि कन्नडला आईला फोन लावला.

"व्हय," ती सांगत होती, "समद्यांनी छान म्हनलं. ह्ये लई खूश हायेत."