साळुंखेसाहेबांच्या दारातलं गाऱ्हाणं

साळुंखेसाहेब भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला यायचे ते उघडी छत्री घेऊन. पाऊस नाही, ऊन नाही, आणि हा माणूस छत्री तोंडावर कलती धरून चाललेला. मला वाटलं, डोक्याने जरा कमी असेल. मग कळलं की कोर्टातले जज्ज आहेत आणि आमच्याच वाडीत भाड्याने राहायला आलेत. एकदा मी वाट अडवून विचारलंच, "काय ओ साहेब, छत्री कशाला?"

"कोण नमस्कार करतंय ते दिसायला नको म्हणून. एकदा दिसलं की विसरता येत नाही."

"मग मी आता दिसलो की."

"तुम्ही आडवेच आलात," ते हसून म्हणाले. "आता तुमची केस आली तर मला पळावं लागेल."

माणूस घाटावरचा, बोलणं सरळसोट. मासळीवालीने वाट्यावर एक बांगडा जास्तीचा टाकला तर तो उचलून परत तिच्या टोपलीत. ती म्हणाली, "साहेबानू, माझी काय केस नाय ओ." साहेब म्हणाले, "आज नाही." ती दिवसभर हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होती, निम्मी रागाने, निम्मी कौतुकाने.

माझा भाचा संजय जहाजावर खलाशी. सुट्टीवर आला होता तेव्हा सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरच्या, कारखान्याविरुद्ध गावाने मंत्र्यांची गाडी अडवली. कोणीतरी दगड मारला, काच फुटली. पुढे उभा होता म्हणून नाव संजयचं लागलं. केस उभी राहिली, पासपोर्ट अडकला, जहाज त्याला सोडून गेलं. दर्या ओलांडणारा पोरगा दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढायला जाऊ लागला. आणि केस आली ती साळुंखेसाहेबांपुढे.

भाच्याचं आडनाव वेगळं, त्यामुळे साहेबांना नातं कळायचं कारण नव्हतं. मीही सांगितलं नाही. किनाऱ्यावर जाणंच सोडलं. आपण ओळख काढायला गेलो नाही, याचा मला मोठा अभिमान होता. तारखेला मात्र मागच्या बाकावर जाऊन बसायचो.

सरकारी वकील म्हणाले, दगड मारताना आरोपीला खुद्द मंत्रीसाहेबांनी पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला. "मग त्यांना साक्षीला बोलवा. इतरांना बोलावतो तसं." त्याच दिवशी बाहेर आमच्या माणसांनी साहेबांच्या नावाचा जयजयकार केला, तर आमच्या वकीलबाईंनाही साहेबांकडून ऐकावं लागलं. "त्यांना सांगा, मी कोणाचा नाही. उद्या शिव्या देतील तेव्हाही असाच बसणार आहे." मंत्र्यांची माणसं म्हणायची जज्ज विकला गेला. आमची म्हणायची, जरा हसून बोलला असता तर काय बिघडलं असतं.

मग शिमगा आला. देवाची पालखी वाडीतल्या घराघरांत जाते. भाडेकरू असो, परका असो, दार चुकवायचं नाही. दारात पालखी टेकली की गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्या घरासाठी देवाकडे मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी होकार द्यायचा. आमच्याकडे गाऱ्हाण्याचा मान माझ्या घराण्याचा. शाळा माझी चौथीत सुटली, पण गाऱ्हाण्याला माझ्यासारखा आवाज आसपास नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

साहेबांच्या बायकोने देवाची ओटी भरली, तिला प्रसादाचा नारळ मिळाला. साहेब हात जोडून उंबऱ्याशी उभे.

"बा देवा म्हाराजा, या घरात सुखशांती ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"धन्याला, धनिणीला निरोगी ठेव."

"व्हय म्हाराजा!" या खेपेला साहेबही बोलले. त्यांना ते आवडलं होतं. पहिल्यांदाच मी त्यांना लहान पोरासारखं हसताना पाहिलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मनात आलं, मी कुठे जज्जाला सांगतोय? मी देवाला सांगतोय. आणि आवाज चढवून बोललो, "आमच्या संज्यावर खोटा खटला घातलाय. न्याय देणाऱ्याच्या हातून त्याची सुटका होऊ दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" त्यात साहेबांचा आवाज होता. शब्द तोंडातून गेले आणि मग अर्थ पोचला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पालखीच्या दांड्याखाली गुलालाने माखलेल्या संजयकडे पाहिलं. हात जोडलेलेच होते, पण हसू गेलं.

पुढच्या तारखेला त्यांनी भर कोर्टात सगळं सांगितलं. दारात काय झालं, कोण काय म्हणालं, आपण काय म्हणालो. कोणी व्हिडिओ काढला नव्हता. गप्प राहिले असते तर गोष्ट शिमग्याच्या गलक्यात विरून गेली असती. वकीलबाई म्हणाल्या, आमची हरकत नाही. सरकारी वकीलही म्हणाले, आमचीही नाही.

"तुमची नसेल," साहेब म्हणाले. "पण मी होय म्हटलंय. निकाल काहीही दिला तरी ते होय त्यात ऐकू येणार. ही केस मी चालवणार नाही."

केस दुसऱ्या कोर्टात गेली. मंत्र्यांची साक्ष कुठे गेली देव जाणे. तारखांवर तारखा पडतायत. नारळावर विकला गेलेला जज्ज म्हणून साहेबांची मोबाईलवर टिंगल झाली, ती आमच्याही माणसांनी पुढे पाठवली. माझी बहीण मला एवढंच बोलली, "दादा, देवाकडे मागायचा होता तर देवळात जाऊन मागायचा होतास."

"पालखीत काय देव नसतो?" मी उलट बोललो. ती चूल फुंकत राहिली.

साहेबांची बदली झाली. जायच्या आधी किनाऱ्यावर दिसले, तर छत्री मिटलेली, काखेत.

"आज उघडी नाय?"

"आता इथे माझ्यापुढे कोणाची केस नाही. आज सगळ्यांचे नमस्कार घेतोय."

माफी मागायची म्हणून मी घरून शब्द जुळवून आणले होते. ते काही मी काढले नाहीत. आमच्या घराण्यात कोणी कोणापुढे वाकत नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. मी म्हटलं, "शिमग्याला या परत."

"येईन. पण त्या वेळी आधी नीट ऐकेन, मग होय म्हणेन." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

यंदा पालखी त्या घरापाशी आली तेव्हा दाराला कुलूप होतं. पोरं म्हणाली, पुढे जाऊ. मी म्हटलं, दार चुकवायचं नाही. पालखी टेकवली. दांड्याखाली संजय होता, होडीवर काम करून हात सोललेले. मी तोंड उघडलं, पण दरवर्षीचे शब्द येईनात. सगळे वाट बघत होते.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो, "गेल्या सालाला या दारात माझा चुकला."

मागे सगळे सवयीने, एका आवाजात बोलले, "व्हय म्हाराजा!"

त्यात संजयचा आवाज मला वेगळा ओळखू आला.