हसल्याची तक्रार

"मम्मी, ते एकटीच हसून राह्यली होती. आपल्या गेमवर."

पडद्याच्या अलीकडे मी कणीक मळत होते. पलीकडे अब्बांचं दुकान. मध्ये एक जुनी चादर, बस. दुकानातलं घरात ऐकू यायचं, घरातलं दुकानात. बोलणारा मुलगा माझ्याच वर्गातला. त्यांची कापसाची जिनिंग होती, आमच्या घाटंजीच्या बाहेर. शाळेत तो इंग्रजीत बोलायचा. माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलायचा नाही.

"हसून राह्यली होती म्हणजे?" त्याची आई.

"म्हणजे खेळून राह्यली होती ना. पाय पसरून. काल मी इथून गेलतो तं दिसली."

"आपलं मशीन दुरुस्तीले देलं का यांच्या पोरीले खेळाले?"

माझी बोटं कणकीत थांबली.

अब्बा टीव्ही, मिक्सर, पंखे, टेप दुरुस्त करायचे. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट त्यांचाच. आमच्या घरी व्हिडिओ गेम कधीच नव्हता. तरीही मी लहानपणापासून खेळत आले. गावातला बिघडलेला प्रत्येक गेम आमच्याकडे यायचा. वायर तुटलेली, बटण अडकलेलं, कॅसेट घेत नाही. अब्बा तुटल्या वायरला झाळ लावायचे, झाकण बसवायचे आणि हाक मारायचे, "बेटा, जरा चेक कर."

चेक करायचं म्हणजे बटणं सगळी चालतात का, चित्र हलतं का, आवाज येतो का, ते बघायचं. मी दुकानातल्या टीव्हीपुढे जमिनीवर बसायचे. खड्डे ओलांडत पळणारा एक छोटा माणूस असायचा. पहिला टप्पा व्हायचा. दुसरा सुरू होतो न होतो तोच दारात सायकल थांबायची. झालं का मिस्त्री? झालं. वायर गुंडाळायची, पिशवीत घालायचं, द्यायचं. दुरुस्त झालं की गेलं. अशा वेळी वाटायचं, उद्या पुन्हा बिघडू दे.

गावातल्या सगळ्या गेमची सुरुवात मला पाठ होती. शेवट एकाचाही नाही. मधल्या सुट्टीत मुलं शेवटच्या किल्ल्याबद्दल बोलायची. मी डब्यात बघत ऐकायचे. ते कुठे चुकतात हे मला कळायचं. बोलायची सोय नव्हती. तू कुणाच्या घरी खेळलीस, असं कोणी विचारलं असतं तर?

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही. खरेदी केंद्रापुढे कापसाच्या गाड्या उभ्याच्या उभ्या. बाजाराच्या दिवशीसुद्धा रस्ता लवकर मोकळा व्हायचा. लोक वस्तू दुरुस्तीला टाकून जायचे आणि न्यायला यायचे नाहीत. फळ्या भरल्या. प्रत्येक वस्तूवर डॉक्टरपट्टीचा तुकडा, त्यावर गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव. भिंतीवर पाटी होती, महिनाभरात माल न नेल्यास दुकानदार जबाबदार नाही. अब्बांनी ती पाटी कुणालाच दाखवली नाही. एक बाई बाजाराला आली की आमच्याकडे यायची. तिचा टेप अब्बा लावून द्यायचे. ती उभ्याउभ्या एक गाणं ऐकायची, पदरानं टेपवरची धूळ पुसायची आणि म्हणायची, "राहू द्या भाऊ. वेचणी झाल्यावर नेईन."

त्या पावसाळ्यात अब्बांनी मला एक काम लावून दिलं. "बेटा, सब रोज थोडा चलाया कर. बंद पड़ा तो सील जाएगा." वस्तूंनी ओल धरू नये म्हणून मी चालवायचे. पंखे फिरवायचे, टेप वाजवायचे. आणि गेम खेळायचे. आता दारात सायकल थांबत नव्हती. पहिल्यांदा मला दुसरा टप्पा पूर्ण दिसला. तिसरा दिसला. हे सुख कुठून आलं हे मला कळत होतं. फळीवरच्या पट्ट्या मला वाचता येत होत्या.

जिनिंगवाल्यांच्या मशीनवरही पट्टी होती, पण त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी नागपूरहून नवं मशीन आणलं आणि जुनं आमच्याकडेच विसरले. अब्बांनी निरोप पाठवले. कोणी आलं नाही. ते फळीवर पडून राहिलं. मग तेही मी रोज चालवायला लागले. त्यात त्यांचीच कॅसेट होती, आणि तिच्यात मुलं बोलायची तो शेवटचा किल्ला होता.

आदल्या दिवशी मी किल्ल्याच्या शेवटी पोचले होते. हात घामेजलेले. शेवटचा शत्रू पडला. आता काहीतरी मोठं दिसेल म्हणून मी श्वास धरून बसले. टीव्हीवर दोन ओळी आल्या, कुठल्या तरी न वाचता येणाऱ्या लिपीत. आणि गेम पुन्हा पहिल्या खड्ड्यापाशी. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती गोष्ट एवढीच. मला हसू आवरेना. मोठ्यानं हसले. मी घरात मोठ्यानं हसत नाही. शाळेत तर नाहीच.

नेमकं तेच त्यानं पाहिलं.

चादरीपलीकडे आता अब्बा बोलतील, मीच सांगितलं होतं म्हणून. मी वाट पाहत होते.

"नाही हो ताई," अब्बा म्हणाले. "खेळते कायले? चेक करून राह्यली होती. कामच आहे तिचं."

"चेक कराले हसा लागते का मिस्त्री?"

मुलगा फिसकन हसला.

"लेकरू आहे ताई. चुकलं असंल."

चुकलं. कणकीवर माशी बसली होती, ती मला हाकलता येईना.

"बोलवा तिले," ती म्हणाली. "इंग्लिश मीडियमची आहे ना? एकदा सॉरी म्हणू द्या, विषय संपला. मले काही भांडायचं नाही. जिनिंगमधले पंखे काढून ठेवले हायेत, सीझनच्या आधी तुमच्याचकडं पाठवाचे होते."

अब्बांनी हाक मारली. मी चादर बाजूला केली. हात पिठाचे तसेच. ती बाई रागात नव्हती. राग असता तर सोपं गेलं असतं. स्टुलावर बसून ती मला समजावत होती, गोड आवाजात.

"हे बघ बेटा, कामापुरतं चेक करत जा. दुसऱ्याच्या वस्तूवर जीव नाही लावावा."

तेव्हा मला कळलं. मशीन झिजलं म्हणून ती आली नव्हती. मशीनची तर तिला आठवणही नव्हती. मी तोंड पाडून बटणं दाबली असती तर मुलानं घरी सांगितलंही नसतं. माझा हात लागलेला त्यांना चालत होता. हात लावायलाच तर आम्ही होतो. मी हसले, हे चाललं नाही.

शाळेत आम्ही दिवसभर सॉरी म्हणायचो. पट्टी पडली सॉरी, धक्का लागला सॉरी. एक शब्द. तो म्हणायचा, आणि अब्बांनी काढून दिलेल्या वाटेनं मान खाली घालून आत जायचं. अब्बा माझ्याकडे बघत होते. दटावत नव्हते. विनवत होते. स्वतःच्या मुलीला बाप तसं बघतो तेव्हा कुठे बघावं हे मुलीला कळत नाही. आणि मला एकाच वेळी त्यांची दया येत होती आणि चीडही.

मी काय बोलले त्याच्या आधी, पुढे काय झालं ते सांगते. जिनिंगचे पंखे दुरुस्तीला यवतमाळला गेले. त्या सीझनला, आणि त्यानंतरही. अम्मी म्हणाली, "एक लफ़्ज़ था, निगल लेती." अब्बा बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. बरोबर केलंस, असं ते कधीच म्हणाले नाहीत. आजही म्हणत नाहीत. मी त्याची वाट पाहणं सोडलं आहे.

आता नागपूरला माझ्या खोलीत माझ्या पगाराचा गेम आहे. आल्यागेल्याला तो दिसतो. भाच्यासाठी घेतला का? ऑफिसचा ताण घालवायला बरा असंल, नाही? लोक वाईट नसतात. ते मला सबब काढून देतात, अब्बांसारखीच. बाईच्या जातीनं उगाच, स्वतःसाठी, मन लावून खेळावं, याला काहीतरी कारण हवं असतं त्यांना. मी कारण देत नाही. नुसतं हो म्हटलं तर सुटका होते, तेवढंही म्हणत नाही.

कारण खरं काय ते मी एकदा, त्या दुकानात, सांगून बसले आहे. बाई स्टुलावर. मुलगा दाराशी, हातात त्याचं मशीन. अब्बांच्या हातात झाळ लावायची कांडी, अजून गरम. माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मी चेक नव्हती करत, काकू. मी खेळून राह्यली होती. सॉरी मी म्हणणार नाही."