भरतीपुरतं भ्यायचं

मागच्या पोस्टखाली एका वाचक मुलीने विचारलं होतं, "आजी, तुम्ही एवढ्या फिरता, कधी भीती नाही वाटली?" त्या मुलीला काय सांगू. माझा पहिला एकटीचा प्रवासच मुळी भीतीवर उतारा म्हणून झाला, आणि त्यात मी विरारच्या पुढचा सगळा रस्ता पदराचं टोक चावत बसले होते.

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी चोवीस वर्षांची, गिरगावातल्या एका शाळेत मास्तरीण. आदल्या थंडीत माझे वडील झोपेतच गेले. रात्री जेवून झोपलेला धडधाकट माणूस सकाळी उठलाच नाही, आणि तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलं. फळ्यावर लिहिता लिहिता एकदम छाती धडधडायची, हाताला घाम सुटून खडू निसटायचा आणि वाटायचं, आता आपली पाळी. दोन-चार मिनिटांत ते जायचं, पण पुन्हा कधी येईल या धास्तीत उरलेला दिवस जायचा. रात्री झोपायची भीती, सकाळी उठायचा कंटाळा. त्या काळी याला आमच्या घरात नाव नव्हतं. आत्या म्हणायची, लग्न करा, बरी होईल. डॉक्टर जरा शहाणे होते. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या आणि खाली लिहिलं, हवापालट.

माझा दादा तेव्हा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियर होता आणि वहिनीसह बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. भाऊबिजेला जायचंच होतं, तिथेच महिनाभर राहावं असं ठरलं. आज तुम्ही डहाणूपर्यंत थेट लोकलने जाता. तेव्हा विजेची गाडी विरारला संपायची आणि पुढे कोळशाच्या इंजिनाची शटल. पांढरी साडी नेसू नका असं सगळे सांगायचे, कारण उतरेपर्यंत ती करडी होई. मला साडीची फिकीर नव्हती. मला वैतरणेच्या पुलाची होती. गाडी पुलावर आली, खालचा आवाज पोकळ झाला आणि मी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. समोरच्या बाईंनी मला गाडी लागली असं समजून आवळासुपारी दिली.

बोईसर तेव्हा गाव आणि शहर यांच्या मधे कुठेतरी अडकलेलं होतं. एका बाजूला चिकूच्या वाड्या आणि गवताचे भारे, दुसऱ्या बाजूला खडीचे ट्रक आणि परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या झोपड्या. सगळीकडे हिंदी. वहिनीने ओवाळणीला नारळीपाक केला होता. रात्री मला बरी झोप लागली आणि मी मनात म्हटलं, डॉक्टर खरंच शहाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुठेतरी लांब धडाका झाला. खिडकीची तावदानं हलली. मी भाजी निवडत होते, ती विळीसकट सोडून मी भिंतीला टेकून उभी राहिले. छातीत तेच सुरू झालं.

"अगं, सुरुंग आहे," दादा म्हणाला. "खडक फोडतात. रोज होतं."

"रोज किती वेळा?"

तो पेपरात तोंड घालून बसला, त्यावरून मी समजले. तासाभरात दुसरा झाला. मला सुरुंगाइतकीच दोन सुरुंगांमधली शांतता सहन होईना. दारात तेव्हा हिराबाई बसली होती. ही सातपाटीची कोळीण, आठवड्यातून दोनदा पाटी घेऊन बोईसरला यायची आणि वहिनीला मासे द्यायची. चाळिशीची, अंगाने सडसडीत, डोक्यावरच्या चुंबळीने केस तिथे विरळ झालेले. तिने पाटीवरून मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हिला माज्याकडं पाठवा," ती वहिनीला म्हणाली. "आमच्याकडं सुरुंग नाय. नुसता दर्या हाय."

दादा कुरकुरला, पण वहिनीने माझी पिशवी भरली. उरलेले मासे हिराबाईने पडेल भावात विकले, कारण तिला दुपारच्या भरतीच्या आत घरी पोचायचं होतं. आम्ही गाडीने पालघर आणि तिथून एसटीने सातपाटी गाठली. रस्ता खाचखळग्यांचा होता. हल्ली पालघर स्टेशनाबाहेरून रिक्षा मिळते आणि अर्ध्या तासात पोचता येतं. डोळे मिटूनही कळेल की सातपाटी आली, वासच सांगतो. पहिला दिवस नाकाला रुमाल लागतो, दुसऱ्या दिवशी रुमाल कुठे ठेवला ते आठवत नाही.

हिराबाईची होडी त्याच दिवशी निघायची होती. तिचा नवरा रामजी, दोन खलाशी आणि मुलगा दामू, अठरा-एकोणीस वर्षांचा. दामूचा तो पहिलाच हंगाम. पापलेटच्या जाळ्यांना तीन दिवसांसाठी चालले होते. दामूने मला विचारलं, "मुंबईच्या बाई, पापलेट किती मोटं पायजे?" मी हाताने दाखवलं. तो म्हणाला, "एवडं तर आमी मांजराला टाकतो." सगळे हसले. त्या दिवशी तृतीया होती, सव्वादोनला भरती. पाणी उतरायला लागलं तशी होडी खाडीतून बाहेर पडली. हिराबाई शीड लहान होईपर्यंत उभी राहिली आणि मग पाठ फिरवून चालायला लागली. मी वळून वळून पाहत होते. तिने माझं मनगट धरलं.

"झालं. आता उद्याच्या भरतीला."

तिची ही रीत मला समजायला दोन दिवस लागले. सातपाटीची खाडी ओहोटीला इतकी उथळ होते की भरलेली होडी आत येऊ शकत नाही. होडी येणार ती भरतीलाच. म्हणून हिराबाई किनाऱ्यावर दिवसातून एकदाच, भरतीच्या वेळी जायची. तिथे उभं राहून काय वाटेल ते वाटून घ्यायची. तुफान, खडक, फाटलेलं शीड, सगळं. कधी रडायचीसुद्धा. पाणी उतरू लागलं की डोळे पुसून घरी. मग दिवसभर समुद्राकडे मान वळवायची नाही.

"भरती नसताना होडी येतच नाय," ती म्हणाली. "मंग वाट कशाला बघायची? तुलाबी घाबरायचं तर घाबर गो. पन भरतीला."

"आणि मधेच भीती आली तर?"

"तिला सांगायचं, अजून पानी चडलं नाय. बस वाईच."

मला हसू आलं. पण सकाळी अंधार सरायच्या आत ती मला उठवायची आणि विहिरीवर न्यायची. मी म्हणायचे, आज बरं वाटत नाही. ती म्हणायची, पाणी भर, मग बरं नको वाटू दे. दोन हंड्यांनंतर तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका जवळा, भूक असो वा नसो. त्यानंतर वलांडीवर. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यावर बोंबील सुकवतात. एक बोंबील दोरीवर राहत नाही, सुळकन घसरतो. दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. तिच्या दिराच्या होडीने आणलेले पाट्या पाट्या बोंबील असायचे. त्यांचे दात बारीक आणि भलते तीक्ष्ण, माझी बोटं पहिल्याच दिवशी सोलवटली. पण हात त्यात अडकले की डोक्याला फिरायला जागा उरत नाही. बाया एकमेकींशी बोलत राहायच्या. कुणाला कसली धास्ती आहे ते तिथे सरळ बोललं जायचं, शेजारणीच्या कोंबडीबद्दल बोलावं तसं. मी पहिल्यांदा तिथे मोठ्याने म्हटलं की मला वाटतं मी झोपेत मरेन. पलीकडची म्हातारी म्हणाली, "मला तर वाटतं मी मरनारच नाय," आणि पुढची जोडी लावली.

पंचमीला वारा सुटला. पाऊस नव्हता, नुसता वारा. संध्याकाळपर्यंत नारळांची झापं तुटून पडायला लागली. बायांनी अर्धे सुकलेले बोंबील वलांडीवरून ओरबाडून घरात आणले आणि ओटीवर ढीग केला. षष्ठीला होडी यायची होती. आली नाही. सप्तमीच्या भरतीला आली नाही. गावातल्या बाकीच्या होड्या एक एक करून परतल्या, त्यांच्यातल्या कुणीही रामजीची होडी पाहिली नव्हती. हिराबाई ठरल्या वेळी जात होती, ठरल्या वेळी परतत होती. भाकऱ्या करत होती. मला मात्र काही केल्या राहवेना. मी पाणी आणायच्या निमित्ताने, कपडे वाळत घालायच्या निमित्ताने समुद्राकडे पाहत राहायचे.

अष्टमीला दुपारी वारा पडला. पूर्ण ओहोटी होती, लांबवर चिखल चमकत होता. मला त्याच्या पलीकडे काहीतरी काळं, लांबट दिसलं. हलत होतं. मी विचार केला नाही. घरात धावत गेले आणि म्हटलं, "हिराबाई, होडी."

भाकरी तव्यावर टाकून ती धावली. ओहोटीला होडी येत नाही हे मला शिकवणारी बाई गुडघाभर चिखलात धावत गेली. मी मागे. जवळ गेल्यावर दिसलं, कुठल्या तरी वाडीतून वाहून आलेलं झाडाचं खोड होतं, मुळांसकट.

तिने मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती चिखलातून परत आली, वाळूवर बसली आणि समुद्राकडे पाहत राहिली. बाया बोलवायला आल्या, ती उठली नाही. संध्याकाळची भरती आली आणि गेली, तरी ती तिथेच. कुणीतरी तिला हात धरून घरी आणलं तेव्हा ती म्हणाली, "आता मला सगळा दिवस भरतीच हाय." हे मी केलं होतं. तिने आयुष्यभर बांधत आणलेला बांध मी एका शब्दाने फोडला होता. त्या रात्री मला माझ्या मरणाची भीती वाटली नाही, कारण तिचीच एवढी वाटत होती.

नवमीला पहाटे मी उठले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी दोन हंडे पाणी भरलं. भाकरी केली, वेडीवाकडी झाली, अर्धी तिच्या हातात दिली. तिने खाली ठेवली. ओटीवरच्या बोंबलांना वास सुटू लागला होता, आज लावले नसते तर टाकून द्यावे लागले असते. मी पाटी भरली, तिला काखेत हात घालून उठवली आणि वलांडीपाशी नेली. वजनाने ती काहीच नव्हती. मी एक बोंबील उचलला आणि जबडा उघडून धरला.

"दुसरा तुम्ही धरा."

तिने हात पदरात गुंडाळले.

"हिराबाई, माझ्याच्याने एकटीने होत नाही," मी म्हटलं. खरं तर आता मला ते एकटीला येत होतं. माझ्या छातीत ते ओळखीचं सुरू झालं होतं. मी ते होऊ दिलं, पण बोंबील सोडला नाही. "भरती पावणेसातला आहे. अजून पाणी चढलं नाही. तोवर लावू."

बऱ्याच वेळाने तिने पाटीत हात घातला. पहिली जोडी घसरली. दुसरी राहिली. आम्ही एक दोरी भरली, मग दुसरी. उजाडलं. पाणी चढायचा आवाज आला तेव्हा तिनेच हात झटकले आणि म्हणाली, "चल."

होडी पावणेसातच्या भरतीला आली. डोलकाठी मोडलेली, शिडाच्या चिंध्या, चौघेही जिवंत. वाऱ्याने त्यांना लांब दक्षिणेला, एडवणच्याही पलीकडे नेऊन टाकलं होतं. दामूचा चेहरा मिठाने पांढरा झाला होता. हिराबाईने त्याला जवळ घेतलं नाही. त्याच्या दोन्ही दंडांना धरून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "भाकरी हाय घरात. वाकडी हाय, बाईनं केलीय."

मी महिनाभर राहिले आणि मुंबईला परतले. येताना वैतरणेच्या पुलावर पुन्हा डोळे झाकले. बरी होऊन आले असं सांगण्यासारखं काही नव्हतं, खडू नंतरही निसटत राहिला. पण सकाळी ठरल्या वेळी उठणं, आधी दोन बादल्या पाणी, भूक नसताना दोन घास, हाताला काम आणि भीती कुणाला तरी बोलून दाखवणं, हे सुटलं नाही. आणि भरती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला दामूने शिकवलं. रोज तेवढा वेळ मी भीतीला देत आले. डॉक्टरांकडे जाऊ नका असं कुणी यातून समजू नये. मीही गोळ्या घेतल्या, पुढेही लागल्या तेव्हा घेतल्या.

काही वर्षांनी शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. 'दामूची होडी पाच भरत्या झाल्या आली नाय. माज्याच्याने एकटीने होत नाय. ये.'

मी हेडमास्तरांना चिठ्ठी लिहून निघाले. विरारला गाडी बदलली. पुढे सफाळे आलं तेव्हा ध्यानात आलं की वैतरणेचा पूल मागे पडला आणि मी डोळे झाकले नाहीत. माझं सगळं लक्ष तिथीकडे होतं.

होडी आली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी बारा दिवस राहिले. आम्ही रोज भरतीला गेलो आणि परत येऊन बोंबील लावले. ती जोडीतला एक धरायची, मी दुसरा. पुढे ती बरीच वर्षं जगली, आणि शेजारणी सांगायच्या, शेवटपर्यंत दिवसातून एकदाच जायची.

आता मी पुण्यात राहते. आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते, समुद्र नाही. परवा तपासणीचे रिपोर्ट यायचेत, म्हणून घरात सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतायत. नातसून आता विचारून गेली, चहा टाकू का. म्हटलं, साडेचारला टाक. आज पंचमी, पावणेचारला भरती आहे. साडेतीन झालेत, तेव्हा इथेच थांबते.