आत्यांचे पाय आणि टबाचं बटण

आत्यांच्या गुडघ्यांसाठी आमच्या जालन्याच्या घरी गरम पाण्याचा टब आला, तेव्हा गल्लीतल्या बाया बघून गेल्या. नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई आन् ह्यांना बसायला पाणी, म्हणून हसल्या. तेच पाणी गाळून फिरतं हे सांगू सांगू माझं तोंड दुखलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सगळा जन्म तीर्थपुरीकडच्या शेतात काढलेली, आन् अजूनही शेतावर जाणारी बाई, शुगर जुनी. डॉक्टरांनी बजावलं होतं, टबात बसू द्या, पण पाय भाजू देऊ नका. जखम चिघळली तर पाय जायची पाळी येईल. मंग काय, मी टबाचं पुस्तक पाठच केलं. ओल्या हातानं मेन स्विच धरायचा न्हाई. पाण्याच्या गरमीचा आकडा सदतीसच्या वर न्यायचा न्हाई. पंधरा मिनिटं झाली की बाहेर. आन् एकटं बसणं तर बिलकुल न्हाई.

आत्या सगळ्याला ‘हो माय’ म्हणायच्या. आणि रोज आकडा चढलेला. कधी एकोणचाळीस, कधी चाळीस. मी खाली आणायची, बडबडायची. त्या पाय बुडवून म्हणायच्या, पाणी गारढोण आहे. एक दिवस माझं डोकंच फिरलं. तुमचा हट्ट तुमच्यापाशी ठेवा म्हटलं आणि बटणांना लॉक लावून टाकलं. नंतर दिवसभर मी मोठ्या तोऱ्यात होते.

दोनच दिवसांनी माझा फोन वाजला, म्हणून त्यांना कडेला बसवून मी आत गेले. माझाच नियम मीच मोडला. परत येते तर काय, आत्यांनी स्वयंपाकघरातून चहासाठी उकळलेल्या पाण्याचं पातेलं आणलेलं, आणि त्या ते सावकाश पायांवर ओतून राह्यल्या होत्या. मी पातेलं हिसकावलं. उजवा पाय लालभडक झाला होता, अंगठ्याशी फोड उठत होता. आत्या पायाकडं बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“आत्या, चटका बसला न्हाई?”

“न्हाई माय.” त्या म्हणाल्या, “वर्ष झालं, पायाला काईच कळत न्हाई. चप्पल निघून पडली तरी कळत न्हाई. तुमाला सांगितलं असतं, तर मला शेतात जाऊ दिलं असतं का?”

महिनाभर जिला मी हट्टी म्हणत होते ती ही. मला स्वतःची इतकी लाज वाटली! त्यांचा पाय गार पाण्याच्या धारेखाली धरून मी रडले. त्याच मला उगी उगी म्हणत राहिल्या.

फोड भरायला तीन आठवडे लागले. पण पाय वाचला. आता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी मी हात घालून पाणी बघते, मंग आत्या बसतात, आणि मी पाय पाण्यात सोडून त्यांच्या शेजारी बसते.

पहिल्या दिवशी त्या पाण्यात हात फिरवत बसल्या. मंग म्हणाल्या, “कसं हाय पाणी?”

कोमट आहे, म्हटलं.

“तसं न्हाई. पायाला कसं लागतंय ते सांग.”

मी सांगत गेले. तळव्याला बुडबुडे गुदगुल्या करतात, बोटांच्या मधून पाणी निसटतं, घोट्यापाशी ऊब वर चढते आणि सगळा शीण उतरतो. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या.

“हां,” त्या म्हणाल्या. “आसंच लागायचं.”