जवळजवळ बेट

आरेखकाने एकतीस वर्षं समुद्रकिनारे काढले, तेही टेबलाशी बसून. पाय कधी ओले झाले नाहीत. निवृत्तीला महिना उरला असताना त्याच्यापुढे त्याचंच जन्मगाव आलं: समुद्रात घुसलेली डोंगररांग, तिचे तुटलेले कडे, आणि पुढे तीन बेटं, म्हणजे त्याच रांगेचे बुडायचे राहिलेले शेंडे. हे सगळं लटांबर मुख्य भूमीला एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेलं. गावात तिला ‘मान’ म्हणत.

उपग्रहाच्या नव्या छायाचित्रात मान नव्हती. तिथे पाणी होतं.

“मग बेट दाखवा,” साहेब म्हणाले. “द्वीपकल्प म्हणजे तरी काय, जवळजवळ बेटच. त्यातलं ‘जवळजवळ’ तेवढं काढायचं.”

व्याकरणाच्या दृष्टीने साहेब बरोबर होते. पण बेटावर बस जात नाही. नकाशा छापला की बस बंद, आणि थोरली बहीण त्याच बसने रोज पलीकडे शिंप्याच्या दुकानात कामाला जायची. त्याने आठ दिवस मागून घेतले आणि गाव गाठलं.

ताईने त्याला ओहोटीला मानेवर नेलं. कोरडी वाळू, चाळीस पावलं रुंद.

“घे बघून. पुराव्याला चिमूटभर बांधून देऊ?”

“मग फोटोत पाणी कसं?”

“उधाणात काढला असेल. अमावास्या-पुनवेला एक-दोन दिवस भरतीच्या वेळी मान बुडते. बस अलीकडे थांबते, मी काजं करत बसते. चार काजं होईस्तोवर पाणी उतरतं. पाचव्याला कधी हात लावावा लागला नाही.”

त्याने तिला खुर्चीत बसवून घड्याळ लावलं. चार काजं, एक तास वीस मिनिटं.

“तू टक लावून बसलास म्हणून,” ताई म्हणाली. “एरवी लवकर होतात.”

छायाचित्राची तारीख अमावास्येचीच निघाली. परतल्यावर साहेबांनी त्याचं टिपण वाचलं.

“वेळ मोजला कसा?”

“काजांवर.”

साहेबांनी तिथे ‘स्थानिक निरीक्षण’ असं लिहिलं आणि सही केली. मान राहिली, शेजारी बारीक अक्षरांत, ‘उधाणात काही काळ पाण्याखाली’.

नकाशावर आभार मानायला जागा नसते. त्याने फोन लावला.

“ताई, मान वाचली. तुझे फार उपकार झाले.”

अठ्ठावन्न वर्षांत त्या घरात असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

“ताप आहे का रे तुला?”

“नाही गं.”

“मग ठीक. बस आली, ठेवते.”