आतून कडी नसलेलं दार

आमच्या स्वयंपाकघराला काही काळ रेल्वेच्या मालडब्याचे दार होते. मालडब्यासारखे दिसणारे नव्हे, मालडब्याचेच. फक्त घराच्या चौकटीत बसावे म्हणून उंची-रुंदी कमी केलेली होती. मी कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षे काम केले आहे. बातमीत ‘असे समजते’ दिसले की ते खोडायचे, ही तिथली सवय. म्हणून पुढे सांगते ते स्वतः पाहिलेले आहे. एका प्रसंगी मी दाराच्या चुकीच्या बाजूला होते, त्यामुळे तेवढे फक्त ऐकलेले आहे.

दार माझ्या नवऱ्याने तयार केले. शिरोली एमआयडीसीत त्याची फॅब्रिकेशनची शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या, फौंड्रीतल्या ढकलगाड्या, जिने, गेट अशी कामे तिथे होतात. एकदा हमालांसाठी केलेल्या हातगाड्या पोचवायला तो रेल्वेच्या मालधक्क्यावर गेला आणि तिथेच दिवसभर रमला. डब्यांची दारे बाहेरच्या बाजूला उघडत होती. पोती पाठीवर घेतलेले हमाल दारांना वळसे घालत होते आणि प्रत्येक वळशाला एकेक शिवी देत होते. घरी येऊन तो जेवायला बसला आणि पहिला घास हातात धरून म्हणाला, “दार उघडलं की धक्काच संपतो.”

सरकत्या दाराचे डबेही असतात. पण दार जेवढे रुंद, तेवढीच भिंत त्याला सरकायला मोकळी ठेवावी लागते. नवऱ्याला दार रुंद हवे होते आणि उघडल्यावर ते कुठे गेले हे कळूही नये, असे हवे होते. त्याने डाळीच्या डब्यांच्या झाकणांवर प्रयोग केले. मग खेळायच्या जुन्या पत्त्यांवर केले.

उत्तर हुपरीत सापडले. भाचीच्या बारशाला पैंजण घ्यायला आम्ही एका कारागिराच्या घरी गेलो होतो. पुढच्या खोलीत चांदीच्या दागिन्यांचे कपाट होते. त्याच्या तीन काचा एकीमागे एक सरकत आणि शेवटी एकाच काचेच्या जागेत उभ्या राहत. मी पैंजण बघत होते. नवरा काचा सरकवत होता. उघड, मीट, उघड, मीट. कारागिराने थोडा वेळ धीर धरला.

“पावणं,” तो म्हणाला, “पैंजण घ्यायचं हाय का कपाट?”

“ह्या काचा कुठनं आणल्या?”

“काचा बेळगावच्या हाईत. आता तेवढ्या ठेवा की जाग्यावर.”

पैंजण मी एकटीने निवडले.

त्यानंतर तीन झडपांचे पोलादी दार कागदावर आले. वॅगन बांधणाऱ्या बाहेरगावच्या एका कंपनीला त्याने रेखाटने पाठवली. उत्तर आले, की आमचे इंजिनिअर तिकडे येतील तेव्हा नमुना बघतील आणि पटला तर चाचणीसाठी एका डब्याला बसवू. एका डब्याला. नवऱ्याची मागणीही तेवढीच होती. आपले दार बसवलेला एक डबा रुळावरून जाताना त्याला बघायचा होता. त्यापुढचे काही विचारले की तो म्हणे, “आधी एक तर जाऊ दे.”

मोठा नमुना शेडमध्ये उभा राहिला आणि छोटा आमच्या स्वयंपाकघराच्या दारात. कारण त्याने असे दिले, की शेडमध्ये दार हळू आणि जपून उघडले जाते. “आपल्या घरात दार जेवढं आपटलं जातं तेवढं रेल्वेतही आपटत नसतील,” तो म्हणाला. या विधानात तथ्य होते.

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. त्यांचे माहेर गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आहे. त्यांचे बोलणे मोकळ्या माळावरचे आहे आणि ते चार भिंतींत मावत नाही. दार बसले त्या दिवशी त्या आत भाकऱ्या करत होत्या. नवऱ्याने बाहेरून झडपा ओढल्या. दार मिटले आणि बाहेरची कडी आपोआप खाली पडली, कारण गाडीच्या हिसक्याने दार उघडू नये अशी ती योजना होती. नवरा खूश झाला. मग आतून हाक आली.

“आरं, आतली कडी कुठं हाय?”

“आतून कडी नाही, अक्का.”

“न्हाय म्हंजे?”

“मालडब्याचं दार आहे. आत माल असतो. माल कशाला दार उघडतोय?”

भाकरी थापायचा आवाज थांबला.

“मग मी माल हाय व्हय रं?”

आतून कडी बसवणे हे शेडमध्ये पाच मिनिटांचे काम होते. नवऱ्याने ते केले नाही. तसे केले तर ते मालडब्याचे दार राहणार नाही, घराचे होईल आणि मग चाचणीला अर्थ उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या घराची फरशी मोरीकडे उतरती आहे. दार त्या उताराला धरून बसवलेले, म्हणून ते मोकळे सोडले की स्वतःहून मिटायचे. अक्कांनी यावर तोडगा काढला. त्यांनी लाटणे चौकटीत आडवे अडकवले. लाटणे जागेवर असेपर्यंत दार उघडे राही. पोळ्या करायच्या दिवशी लाटणे लागे, तेव्हा अक्का मला बाहेर उभी करत. “तू तिथंच थांब, पोरी,” त्या म्हणत. “मी आत चाललो.”

शेजारी एक टेलरचाचा राहतात. त्यांचे दुकान खाली रस्त्याला आहे. ते येता-जाता दाराकडे गिऱ्हाइकाच्या जुन्या कोटाकडे बघावे तसे बघत.

“वैनी, पडदा शिवून देऊ का? कडी नको, तेल नको. पायजे तर झालर लावतो की.”

मग दार अडकायला लागले. झडपा ज्या खालच्या खाचेत धावत, त्या खाचेत पीठ, तांदूळ आणि साखर साचली. केरसुणी तिथे पोचेना आणि अक्कांनी काडी घेऊन खाच कोरायला नकार दिला. नवरा जमिनीवर पालथा पडून बराच वेळ त्या खाचेत बघत राहिला. साखर स्वयंपाकघरात सांडते तशी डब्यातही सांडणारच होती. त्याने खालची खाच काढून टाकली आणि झडपा वरच्या पट्टीवर, चाकांनी लोंबत्या ठेवल्या. शेडमधल्या मोठ्या दारातही तोच बदल केला. त्या आठवड्यात त्याने अक्कांना विचारून पाहिले, की अजून काय काय सांडता येईल. अक्कांनी उत्तर दिले, ते इथे देत नाही.

इंजिनिअर आले ते संध्याकाळच्या गाडीचे परतीचे तिकीट खिशात घेऊनच. मला फोटो काढण्यासाठी शेडमध्ये नेले होते. गृहस्थ कमी बोलणारे होते. त्यांनी दार उघडले, मिटले, चाकांना हात लावून पाहिला. मग म्हणाले, “रिकाम्या डब्याचं दार कुठलंही सरकतं. प्रवासात थप्पी कलते, पोती दारावर रेलतात. त्या ओझ्याखाली सरकेल का?”

“सरकेल,” नवरा म्हणाला.

“मी ‘सरकेल’ असं लिहू शकत नाही. ‘सरकलं’ असं लिहू शकतो.”

डेस्कवर असा माणूस मिळाला असता तर मी त्याला सोडले नसते. नवऱ्याने वाळूची पोती सांगून ठेवली होती, पण पोती आणणारा टेम्पो सकाळपासून ‘निघालोय की’ एवढेच सांगत होता. इंजिनिअरनी घड्याळ पाहिले. टेम्पो आला नाही, तर ते न लिहिताच परत जाणार होते. पुन्हा इकडे कधी येणे होईल, हे त्यांनाही सांगता येत नव्हते.

पण पाहुणा जेवल्याशिवाय कोल्हापुरातून जात नाही. आम्ही त्यांना घरी आणले. जिन्यात ते पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, की तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी आपण सकाळचा नाष्टाही केलेला नाही. आमचे घर शाकाहारी, लिंगायतांचे. तांबड्यात कटाची आमटी आणि पांढऱ्यात दही, एवढीच सोय होऊ शकत होती. त्यातले दही संपलेले निघाले. मी पातेली घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले.

इथून पुढचे ऐकलेले आहे.

मी परत आले तेव्हा बाहेरच्या खोलीत कोणी नव्हते. स्वयंपाकघराचे दार मिटलेले होते, कडी पडलेली होती आणि आतून बरेच आवाज येत होते. रेल्वेचे साहेब आले म्हणून चाचा आणि चाची बघायला आले होते. शेडमधला वेल्डर मिस्त्रीही जेवायला थांबला होता. जेवणाचे टेबल आत असल्यामुळे सगळे आतच होते.

“कोन हाय भाईर?” अक्का.

“मी. दही आणलंय.”

“दही ऱ्हाऊ दे. दार उघड. पोळी लाटायला लाटणं घेतलं, आन् ह्ये गप्पदिशी मिटलं.”

“हे आतून कसं उघडायचं?” इंजिनिअर विचारत होते.

“आतून न्हाय उघडत, साहेब,” चाचांनी सांगितले. “आत माल असतोय. तसं ड्रॉइंगच हाय.”

मी कडीला हात घातला. तेवढ्यात नवरा ओरडला, “थांब! उघडू नको!” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “सर, तुम्हाला भरलेला डबा बघायचा होता ना?”

आत खुर्च्या सरकल्या.

“सगळ्यांनी दारावर रेला. पाठ लावून. मिस्त्री, तू मधी. चाचा, तुम्ही इकडं.”

“माझी पोळी तव्यावर हाय,” अक्का म्हणाल्या.

“गॅस बंद कर की, अक्का.”

“व्हय. रेल्वेसाठी आता गॅस बंद करा. शिवशिवा!”

गॅसचे बटण फिरल्याचा आवाज आला. “मीही?” इंजिनिअरनी विचारले.

“तुमच्याबिगर थप्पी पुरी हुईत न्हाई, साहेब,” चाचा म्हणाले. “खरं वजन तुमचंच.”

पत्रा कुरकुरला. झडपा माझ्या बाजूला किंचित फुगल्यासारख्या झाल्या. “ओढ,” नवरा आतून म्हणाला. त्या एका शब्दात त्याचे मालधक्क्यापासूनचे सगळे होते. दार अडकले असते, तर इंजिनिअर अडकलेल्या दाराच्या आतच बसून राहिले असते, आणि त्यांनी काय लिहिले असते हे सांगायला नको.

मी दह्याची पातेली खाली ठेवली, कडी वर केली आणि ओढले. दार हलले नाही. मी पाय चौकटीला लावला आणि पुन्हा ओढले. पहिली झडप घरंगळत दुसरीमागे गेली, त्या दोन्ही तिसरीमागे गेल्या आणि उघड्या चौकटीतून माल बाहेर आला. आधी चाचा, त्यांच्यावर मिस्त्री, मग हातात लाटणे तसेच धरलेल्या अक्का. चाची चौकट धरून उभ्या राहिल्या आणि चाचांना हसत सुटल्या. इंजिनिअर गुडघ्यावर आले होते. त्यांनी उठायची घाई केली नाही. त्याच अवस्थेत मान वर करून ते चाकांकडे बघत होते.

“पुन्हा,” ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी ओढायला ते स्वतः बाहेर उभे राहिले आणि त्यांच्या जागी मी आत गेले. कडी पडल्याचा आवाज आतून वेगळा ऐकू येतो. अक्का इतके दिवस काय म्हणत होत्या, ते मला तेव्हा कळले. दार सरकले. या खेपेला कोणी पडले नाही.

इंजिनिअर जेवले. चार पोळ्या खाल्ल्या आणि दही दोनदा घेतले. मग त्यांनी लिहिले, की ओझ्याखाली दार सरकले आणि चाचणीसाठी एका डब्याला बसवायला हरकत नाही. खाली एक अट घातली: दार आतूनही उघडता आले पाहिजे. “हमाल आत असताना कोणी बाहेरून दार ओढून घेतलं तर?” ते म्हणाले. नवऱ्याने मान डोलावली. अक्कांनी त्यांच्या ताटात पाचवी पोळी टाकली आणि वर तूपही घातले.

आतली कडी त्याच संध्याकाळी आमच्या दाराला बसली. अक्कांनी ती दोनदा उघडून पाहिली. मग लाटणे परत चौकटीत अडकवून ठेवले.

पुढे काही महिन्यांनी इंजिनिअरचा फोन आला. दार बसवलेला डबा साखर भरायला कोल्हापूरकडे येणाऱ्या मालगाडीत होता. आम्ही सगळे गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर जाऊन उभे राहिलो. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. फाटक पडायच्या आधी चाचा उसाचा रस सांगायला रुळापलीकडच्या गाड्यावर गेले आणि तिकडेच अडकले.

गाडी आली. डब्यामागून डबा गेला. एकसारखी तांबडी दारे, सगळी जुनी. नवरा एकेका डब्याबरोबर मान फिरवत होता. शेवटचा डबा गेला तरी त्याची मान तिकडेच होती. चाचणीचे दार डब्याच्या एकाच बाजूला बसवले होते. ती बाजू कुठल्या अंगाला येणार, हे फोनवर विचारायचे कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

फाटक उघडले. पलीकडे चाचा दोन्ही हातांत रसाचे ग्लास घेऊन उभे होते आणि अर्धा रस त्यांच्या सदऱ्यावर होता.

“गेलं!” ते ओरडत होते. “आपलं दार गेलं की! तीन झडपा! बगितलं मी!”

नवरा रूळ ओलांडून त्यांच्याकडे गेला. दार पुरते मिटलेले होते का, कडी पडलेली होती का, झडपा थरथरत होत्या का, असे तो विचारत राहिला. रात्री स्वयंपाकघरात त्याने चाचांना सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. दुसऱ्या चहानंतर पुन्हा सांगायला लावले. चाचांच्या सांगण्यात डबा दर वेळी थोडा हळू जात होता. अक्का म्हणाल्या, “शिंप्याला दिसलं, आन् करणाऱ्याला न्हाय,” आणि तिसऱ्यांदा त्यांनीच विचारले, “मग पुढं?”

नवऱ्याचे दार बसवलेला डबा रुळावरून गेला, असे समजते.