राक्षसाच्या नावापुढची रिकामी जागा

शीळफाट्याजवळच्या आमच्या बालवाडीत गॅदरिंगची वही माझ्याकडे असते. डाव्या पानावर भूमिका, उजव्या पानावर मुलं, समासात कपडे. अशा बावीस वह्या कपाटात आहेत. जवळजवळ प्रत्येकीत एक नाच सारखाच: शापाने राक्षस झालेला राजपुत्र आणि पिवळ्या गाऊनमधली राजकन्या.

यंदा मी ठरवलं होतं, पुरे. त्या जुन्या कार्टून सिनेमाची गाणी मला झोपेत म्हणता येतात. मी जंगलातल्या प्राण्यांची एक छोटी गोष्ट लिहिली. पुठ्ठ्याचे कान, घरचेच टी-शर्ट, काही शिवायला नको. पालकसभेत सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एका आईने विचारलं, "टीचर, ते पिवळ्या गाऊनचं नाही का?" पाठोपाठ दहा आयांनी माना डोलावल्या. यातल्या निम्म्यांनी लहानपणी तो सिनेमा टीव्हीवर पाहिलेला. आता मुलींना जेवू घालताना फोनवर तोच लावतात.

मी हरले. राजकन्या एक ठेवली तर भांडणं होतात, म्हणून वर्गातल्या अकराही मुली राजकन्या. अडलं ते राक्षसापाशी. मुलगे तयार होईनात. शेवटी एका मुलीने हात वर केला. "मी होणार राक्षस," असं म्हणून तिने अशी डरकाळी फोडली की शेजारच्या वर्गातल्या टीचर बघायला आल्या. मी तिथल्या तिथे तिचं नाव लिहिलं. "नक्की ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नक्की."

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. गावातल्या जुन्या शेतकरी घरातली, माझ्या पहिल्या वहीतली विद्यार्थिनी. हातात पिशवी, पिशवीत शिवून तयार गाऊन.

"माझ्या हळदीच्या साडीचा शिवलाय, टीचर. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी, माहितीये ना तुम्हाला. ती साडी कापली मी."

"अगं, पण तिला राक्षस व्हायचंय. पिक्चर सुरू झाला की ती त्याचीच वाट बघत बसते, तीच सांगत होती."

"चार वर्षांची आहे ती. तिला काय कळतंय?" मग जरा थांबून म्हणाली, "मला तुम्ही झाड केलेलं. हात वर करून उभी होते सगळा नाच. फोटोत नुसती पानं दिसतात."

पहिली वही काढून बघायची गरज नव्हती. मी खोडरबर घेतला. नाव राजकन्यांमध्ये अकरावं लिहिलं आणि राक्षसाच्या जागी एका मुलाला त्याच्या बाबांकरवी कसंबसं राजी केलं. मुलीला सांगायचं काम मात्र मी तिच्या आईवर ढकललं. त्याचा स्वतःवरचा राग अजून जात नाही.

गॅदरिंगच्या दिवशी सगळं वेळेवर सुरू झालं. अकरा गाऊन रांगेत. मुखवटा घातलेला मुलगा मध्यभागी आला, समोरची गर्दी बघितली आणि गप्प झाला. गाणं त्या जागेवर थांबतं, डरकाळीसाठी. मी पडद्याआडून खुणा केल्या. काही नाही. सभागृहात हसू सुरू झालं.

तेवढ्यात अकराव्या राजकन्येने दोन्ही मुठींत गाऊन वर धरला, चार पावलं पुढे आली आणि डरकाळी फोडली. पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. मग ती शहाण्यासारखी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि उरलेला नाच तिने एकही पाऊल न चुकता केला.

नंतर तिची आई फोनवर व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होती. "काय गं कार्टे," लेकीला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मुखवट्यात आली असती तर चेहरा कुठे दिसला असता, टीचर?"

"आवाज आला असता," मी म्हटलं.

मुलीने मला विचारलं, "आता पुढच्या वर्षी मी राक्षस ना?"

पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार. माझ्या वहीत तिचं नाव नसेल.